मनोरीच्या पोर्तुगीज खानावळीत आम्ही तिघं

मनोरीला जेवायला जायचं, हे माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्या वर्षी माझ्या डोक्यात शाळा, स्वयंपाक आणि औषधांच्या वेळा सोडून दुसरं काही शिरत नव्हतं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. मी मुलुंडला एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेच्या ऑफिसात माझा फोन आहे म्हणून शिपाई बोलवायला आला, आणि पलीकडे नंदा होती. माझी धाकटी जाऊ.

"वहिनी, रविवारी आप्पांना घेऊन बोरिवलीला घरी येऊ नकोस. मालाडला उतर. आपण मनोरीला जेवायला जाऊ."

"मनोरीला? काय आहे तिथे?"

"ऑफिसातल्या मुली जाऊन आल्यात. पोर्तुगीज जेवण मिळतं म्हणे. मोठाली ताटं मधे ठेवतात, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. ये ना, काय हरकत आहे?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं आणि तेवढंही त्राण नव्हतं. पण 'घरी येऊ नकोस' हे तिचं वाक्य दिवसभर कानात राहिलं.

आधी घरातली परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. अंथरुणाला खिळलेलं माणूस एकाच सुनेच्या गळ्यात नको, म्हणून दोघा भावांनी पाळी लावली. सहा महिने मुलुंडला आमच्याकडे, सहा महिने बोरिवलीला नंदाकडे. सासूबाई जिथे, तिथे सासरे. आप्पांनी कधी तक्रार केली नाही. गिरणीत साच्यावर उभं राहून उभी हयात गेली त्यांची, पाळीची सवय होती. उन्हाळ्यात सासूबाई गेल्या, आमच्या घरी. दिवसवार झाले. पण आप्पांची पाळी कोणी थांबवली नाही, ती नुसती चालत राहिली. आता त्यांना बोरिवलीला पोचवायची वेळ आली होती.

निघायच्या आदल्या दिवशी आमचे हे दाढी करताना आरशातूनच म्हणाले, "नंदाला सांग, आता आप्पांना तिकडेच राहू दे कायमचं. आपली मुलं मोठी झाली, त्यांना अभ्यासाला खोली हवी."

"तुम्ही सांगा की दिनूभावजींना."

"भावाभावात ते बरं दिसत नाही. तुम्ही बायका बोलता एकमेकींशी."

तुम्ही बायका बोलता! तीन वर्षांत नंदा आणि मी बोललो होतो ते बेडपॅन, पावडर आणि पाठीवरच्या जखमांबद्दल. चादरी किती दिल्या, औषध कुठलं संपलंय. त्यापलीकडे नंदाला काय आवडतं, काय नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मुलुंडहून दादर, तिथे गाडी बदलून मालाड. तुम्ही पूर्व उपनगरातून जाणार असाल तर रविवारीच जा आणि लवकर निघा, बसायला जागा मिळते. आप्पांनी त्यांची रेक्झिनची बॅग मांडीवर धरली होती. मी म्हटलं, "खाली ठेवा ना." ते म्हणाले, "आसूं दे." मालाड येईपर्यंत बाकी बोलणं नाही.

नंदा मालाड पश्चिमेच्या बसथांब्यावर उभी होती. पिवळी साडी, केसांत अबोली. इतक्या वर्षांत तिला मी गाऊनमध्ये नाहीतर जुनेरात जास्त पाहिलं होतं, त्यामुळे क्षणभर ओळखलंच नाही. तिने वाकून आप्पांना नमस्कार केला आणि त्यांच्या हातातली बॅग घेतली. आप्पांनी निमूट दिली.

मार्व्याची बस धरायची. बाजाराची गर्दी संपली की रस्ता हळूहळू गावासारखा होतो. कौलारू घरं, फाटकापाशी क्रूस, पेरूवाल्या बायका, मग खाडीकडची तिवरं आणि चिखलाचा वास. मी डोळे मिटून बसले. खरंतर आजूबाजूला बघण्यासारखं पुष्कळ होतं आणि तुम्ही गेलात तर बघा, पण मला फक्त बसायला मिळालंय याचंच सुख वाटत होतं. नंदाही झोपली, खिडकीच्या गजाला डोकं टेकून. कंडक्टरने "मार्वे, मार्वे, चला" केलं तेव्हा तिघंही दचकलो.

मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडायची. तेव्हा आठ आण्यांत पलीकडे जाता यायचं. भरती असेल तर पायरीवरून थेट होडीत बसता, ओहोटी असेल तर चपला हातात घ्या. आम्ही गेलो ती ओहोटी होती. घोट्यापर्यंत चिखल आणि पुढे एक हलती फळी. मी आप्पांचा हात धरायला गेले तर ते माझ्या आधी फळीवरून पलीकडे. वर उभे राहून मलाच हात देत म्हणाले, "पाय तिरको टाक गो, म्हणजे घसरूचो नाय." वेंगुर्ल्याकडचं माणूस. मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी होडीत चढताना ती मधेच गळून पडली असावीत. होडीत सायकली होत्या, पावाच्या करंड्या होत्या, एका बाईच्या मांडीवर कोंबडी. समोरून येणाऱ्या होडीत मासळीच्या पाट्या आणि कोळणींचा गलका. वारा गार होता. आप्पा पाण्याकडे बघत राहिले, आणि नंदा आप्पांकडे.

पलीकडे टांगे उभे असतात. घोडं थकलेलं, टांगेवाला त्याहून थकलेला, आणि आत आम्ही तिघं. एकाच जातीची मंडळी. नारळी आणि सुरूच्या झाडांमधून रस्ता जातो. (आता उत्तनकडून थेट गाडीनेही मनोरीला जाता येतं. पण होडीनेच जा.)

खानावळ म्हणजे एक जुनं कौलारू घर, त्याच्या ओसरीवर चार-पाच टेबलं. पाटी नव्हती. टांगेवाल्याला 'रेजिनाबाईकडे' म्हटलं की पुरे. मागे समुद्र होता, दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. रेजिनाबाई मनोरीच्याच, ईस्ट इंडियन, म्हणजे इकडच्याच मूळच्या ख्रिस्ती. त्यांचा नवरा मिंगेल गोव्याचा. त्याने तरुणपणी जहाजावर आणि मग कितीतरी वर्षं लिस्बनच्या हॉटेलांतून स्वयंपाक केलेला. म्हातारपणी बायकोच्या गावी येऊन चूल मांडली होती. तो बोलत नसे. बोलायचं काम बाईंचं.

"मेनू कार्ड?" नंदाने विचारलं.

"कार्ड नाय बाय. जो मासा आयला तो रांधला. बसा तुमी."

त्यांनी तीन रिकाम्या बशा ठेवल्या, बशा कसल्या, चहाच्या बशीहून थोड्या मोठ्या. आणि मधे सगळ्यात आधी एक खोलगट मातीचं भांडं आलं. बटाट्याचं दाट सूप, त्यात पालेभाजी केसासारखी बारीक चिरलेली आणि वर लाल सॉसेजच्या चकत्या. बरोबर घरचा पाव. डाव एकच.

"आणि आमची ताटं?" मी विचारलं.

"हीच. ह्या मंदी ठेवाचा न् सगल्यांनी खावाचा. मिंगेल बोलतं, वेगला ताट मांगतील त्यांना सांग, घरी जेवा."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मिंगेलचा दुजोरा असावा.

मला हे सोपं गेलं नाही, खरं सांगते. आमच्याकडे उष्ट्या-खरकट्याचं फार. आईकडे तर वाढता हात ताटाला लागला तरी चालायचं नाही. आणि गेली तीन वर्षं माझा दिवसच खरकटं काढण्यात गेला होता. चमच्याचं, वाटीचं, उशीच्या अभ्र्यावरचं. एका भांड्यात तिघांचे चमचे बुडायचे हे बघून मी माझा चमचा बाजूला ठेवला. मी पाव कोरडाच खाल्ला.

मग तिसऱ्या आल्या. शिंपल्यांसकट, लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्हच्या तेलात नुसत्या वाफवलेल्या, वर लिंबू. आप्पांनी एक उचलली, चोखली, भुवया वर गेल्या.

"नारळ खय?"

"आप्पा, ह्या पोर्तुगीज आहेत," नंदा म्हणाली.

"पोर्तुगीज आसूं दे. तिसऱ्यांक नारळ नको?" असं म्हणत त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. तेलात पाव बुडवून खाल्ला. सासूबाई गेल्यापासून हा माणूस अर्ध्या भाकरीवरून उठत होता. नंदाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती, फक्त तिने बघितलंय एवढं मला सांगत होती.

मुख्य ताट आलं तेव्हा ओसरीभर वास सुटला. निखाऱ्यावर भाजलेले मासे, जाड मीठ लावलेले, अख्खे, डोकी-शेपट्यांसकट, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांवर रचलेले. रेजिनाबाईंनी कौतुकाने सांगितलं, "लिस्बनला सणासुदीला ह्योच खातात. मिंगेलचा आवडीचा."

आप्पांनी वाकून बघितलं आणि मोठ्याने हसले. "अगे, ह्ये तर तारले!"

तारले. गरिबाचा मासा, टोपलीभर मिळायचा आणि पाहुण्याला कधी वाढायचा नाही. नंदाही हसली. एवढा प्रवास करून, चिखल तुडवून, पोर्तुगीजांचे तारले खायला आलो होतो.

मग जे झालं ते सांगते. तारल्यात काटे फार. आप्पांनी एक मासा आपल्याकडे ओढला, बोटांनी मधला काटा सोडवला, बाजूचे बारीक काटे एकेक करून काढले आणि पांढरं मांस ताटाच्या कडेला सारलं. स्वतः खाल्लं नाही. दुसरा घेतला. तोही तसाच. कडेला एक छोटा ढीग झाला. आम्ही दोघी थांबलो. त्यांचं लक्ष नव्हतं, हात आपोआप चालत होते. सासूबाईंना ते असंच भरवायचे. आमच्या घरी, नंदाच्या घरी, रोज. त्यांना काटा लागू नये म्हणून आधी सगळं साफ करून ठेवायचं, घास भरवायचा, आणि त्यांनी अर्धवट टाकलेलं मग त्याच ताटात स्वतः जेवायचं. मी ते तीन वर्षं पाहिलं होतं आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, चला, एक ताट कमी घासायचं.

ढिगाकडे बघून आप्पा थांबले. हात तसाच ताटावर राहिला.

कोणी काही बोलायच्या आत नंदाने बोटांनीच त्यातलं मांस उचललं आणि तोंडात टाकलं. "छान आहे, आप्पा. आणखी काढा."

मग मीही घेतलं. तेलकट, खारट, निखाऱ्याचा वास असलेलं. पुढे मग कोणी कोणाच्या चमच्याचा हिशेब ठेवला नाही. तिसऱ्यांचं तेल, मिरच्या, नंतर आलेला कोळंबीचा लालसर ओला भात, सगळं त्याच भांड्यांतून. तुम्ही गेलात आणि असा भात कुठे मिळाला तर भांड्याच्या तळाशी करपलेला थर सोडू नका.

जेवण झाल्यावर आप्पा चूल बघायला आत गेले. त्यांचा आणि मिंगेलचा मालवणी-कोंकणीत काहीतरी संवाद सुरू झाल्याचं ऐकू आलं. न बोलणारा मिंगेल बोलत होता. ओसरीवर आम्ही दोघी उरलो. मला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. कसं सुरू करायचं ते दादरपासून जुळवत आले होते.

"नंदा, ह्यांनी मला एक सांगायला सांगितलंय."

"थांब. दिनूने पण मला सांगून पाठवलंय," ती म्हणाली. "आधी मी बोलते. तो म्हणतो, आमची खोली लहान, त्याच्या रात्रपाळ्या, मी दिवसभर अंधेरीला ऑफिसात. आप्पांना वहिनीकडेच राहू दे म्हणाव. मी म्हटलं, तू सांग. तर म्हणाला, मोठ्या भावाला कसं सांगू, तुम्ही बायका बोलून घ्या."

मला हसू आलं. ते हसू असं होतं की थांबेना, आणि मधेच कधीतरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नंदाने पदराचं टोक पुढे केलं. तिचा पदर, माझे डोळे. आमच्यात असं कधी झालं नव्हतं.

"म्हणून इथे बोलावलंस? घरी त्यांच्या तोंडावर नको म्हणून?"

"घरी मला हे बोलताच आलं नसतं, वहिनी. तिथे गेलं की मी लगेच कामाला लागते. तूही. आपण दोघी कधी बसलोय का समोरासमोर?" तिने खुर्ची पुढे ओढली. "पण दिनूचा निरोप मी नुसता तुझ्या कानावर घातला. तो माझा निरोप नाही. मला आप्पा हवेत."

मी तिचा पदर सोडला.

"दमलेय मी. तुझ्याइतकीच. आई असताना पाळी संपायची वाट बघायचे मी, कॅलेंडरकडे बघवत नव्हतं. पण तुझी पाळी सुरू झाली ना, की घर खायला उठायचं. आम्हाला पोरंबाळं नाहीत, दिनू रात्रीचा बाहेर. आप्पा असले की स्वयंपाकघराच्या दारात बसून बोलतात. गिरणीतलं, गावचं, काहीही. कांदा चिरून देतात."

"माझ्याकडे तर ते बोलतच नाहीत," मी म्हटलं.

हे म्हणताना मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. मी ज्यासाठी आले होते ते न मागता मिळत होतं. मोकळं वाटायला हवं होतं. वाटलंही. आणि त्याच वेळी कोणीतरी माझ्या हातातलं काही काढून घेतंय असंही वाटलं. तीन वर्षं मी त्या दोघांचं केलं. ते तिच्या घरी बोलतात, आणि माझ्या घरी गप्प?

"त्यांनाच विचारूया," मी म्हणाले. जरा तिखटपणेच म्हणाले असेन.

नंदा चमकली. आम्हा चौघांपैकी कोणाच्या हे कधी मनातच आलं नव्हतं.

आप्पा हात पुसत बाहेर आले आणि खुर्चीवर बसले. मी सरळ विचारलं, "आप्पा, तुम्हाला कुठे राहायचंय? आमच्याकडे, की नंदाकडे? पाळी नको आता. तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी टेबलावरचे रिकामे शिंपले एकात एक रचले. मग म्हणाले, "माका ह्यां आजवर कोणी इचारूक नाय."

"आता विचारतोय."

"रागावशात?"

"नाही."

"मगे माका बोरिवलेक रवांदे." माझ्याकडे पाहून म्हणाले, "सुलभा, तुझ्याकडे काय कमी नाय गो. तू तुझ्या सासयेचा जितक्या केलंस तितक्या पोटच्या पोरीन केला नसता. पण त्या खोलयेत माका निज येणा नाय. ती खाट समोर दिसता. डोळो लागलो की वाटता, ती हाक मारता. उठान बघतंय तर कोण नाय."

मला वाटत होतं, ते रात्री उठून खोकतात ते आम्हाला त्रास द्यायला. सासूबाई गेल्यावर मी त्यांना त्याच खोलीत, त्याच खाटेसमोर ठेवलं होतं, कारण दुसरी खोली नव्हती. कारण मी विचार करण्याइतकी जागी नव्हते. कोणीच नव्हतं.

"बोलला का नाहीत, आप्पा?"

"काय बोलतलंय? तू दमलेली दिसायचंस." मग ताट पुढे सरकवत म्हणाले, "आज बरा वाटला. ती गेल्यापासून माझ्या ताटात कोणी हात घालूक नाय होतो."

नंदा उठून गेली, हात धुवायला म्हणून. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

रेजिनाबाई शेवटी गोड घेऊन आल्या. बिस्किटांचा चुरा आणि साय यांचे थर, मोठ्या काचेच्या वाटीत. चमचे तीन, वाटी एक. बिल नंदाने दिलं, मला बघूही दिलं नाही. निघताना मिंगेल दारापर्यंत आला आणि आप्पांच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी दिलं. तारलेच होते.

परतताना खाडीत पाणी चढलेलं होतं, चिखल दिसेनासा झाला होता. मालाड स्टेशनवर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. ती दोघं बोरिवलीच्या बाजूला, मी दादरच्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा आप्पांनी डोक्यावर हात ठेवला, थोडा जास्त वेळ. "येत जा," म्हणाले. पाहुण्याला म्हणतात तसं नव्हे, मुलीला म्हणतात तसं. पलीकडच्या फलाटावर ती दोघं बाकावर बसलेली मला दिसत होती. नंदा काहीतरी विचारत होती आणि आप्पा हातवारे करून सांगत होते.

घरी पोचले तेव्हा हे दारातच होते. "सांगितलंस? काय ठरलं?"

"आप्पा तिकडेच राहणार."

"म्हणजे नंदाने ऐकलं तर."

"नंदाने मागितलं. आणि आप्पांनी तेच निवडलं. पुढच्या रविवारी तुम्ही जा आणि त्यांच्यासमोर बसा. मी येणार नाही. तुमच्या दोघा भावांचे निरोप आम्ही यापुढे नेणार नाही."

ते दारातून बाजूला झाले. पुढच्या रविवारी गेले, आणि परत आले तेव्हा डोळे रडून लाल झाले होते. मी विचारलं नाही.

या प्रवासातून काय राहिलं, असं कोणी विचारलं तर चवींपैकी फार थोडं. रेजिनाबाईंची ओसरी पुढे बंद झाली असं ऐकलं. आप्पा शेवटपर्यंत नंदाकडे राहिले. आम्ही दोघी नंतर पुष्कळ वेळा भेटलो, भांडलोही. ते भांडण औषधांवरून नव्हतं, हेच विशेष. आणि माझ्या मनात आजही एक टोचणी आहे, की त्यांनी मला निवडलं नाही. कारण पटतं. टोचणी जात नाही.

पण मला जास्त आठवते ती दुसऱ्या दिवशीची दुपार. सोमवारी शाळा सुटल्यावर मी घरी आले. मुलं खेळायला गेलेली, हे कामावर. मी त्या खोलीत जाऊन खाटेची गादी गुंडाळली, खाट उभी करून भिंतीला लावली. खिडकी उघडली. जमीन पुसायला म्हणून बसले आणि जरा पाठ टेकावी म्हणून गार फरशीवर आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. धाकटी लेक उंबऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत होती.

"मला उठवलं का नाहीस गं?"

"बाबा म्हणाले, झोपू दे."

स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येत होता आणि तांदूळ धुतल्याचा. मी उठले नाही. कूस बदलली आणि पुन्हा झोपले.